बाहुल्यांची मुलाखत: दूरदर्शनच्या जुन्या गप्पांचं विडंबन कसं उभं करावं

गणेशोत्सवात, सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी संमेलनात दहा मिनिटं रिकामी असतात आणि कुणीतरी म्हणतं, "बाहुल्यांचं काहीतरी करू या." मग एक मोजा हातात चढतो, त्याला दोन बटणं लागतात आणि तो अमिताभचा आवाज काढतो. दोन मिनिटं लोक हसतात, तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतात. नक्कल संपली की त्या मोज्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही.

विडंबनासाठी तयार साचा हवा असेल, तर जुन्या दूरदर्शनवरचा सिताऱ्यांच्या मुलाखतीचा कार्यक्रम घ्या. एक सोफा, एक फुलदाणी, दोन पात्रं, एकमेकांचं अखंड कौतुक. माणसं जागची हलत नाहीत, त्यामुळे बाहुल्यांना चालवावं लागत नाही. नवख्या बाहुलीकाराची निम्मी अडचण तिथेच सुटते. पण हसवायचं कशानं, हे आधी ठरवा. माझं मत पक्कं आहे: विडंबन पाहुण्याचं करायचं नाही, मुलाखतीचं करायचं. आणि मुलाखतीत हशा येतो तो बोलणाऱ्या बाहुलीला नाही, ऐकणाऱ्या बाहुलीला.

मूळ कार्यक्रम बघा, पण वही घेऊन

नमुना म्हणून मी 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' धरतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा हा कार्यक्रमही. तो १९९३ पर्यंत चालला. भारतातला पहिला टीव्ही टॉक शो अशी त्याची ओळख आहे. तबस्सुम स्वतः बालकलाकार होत्या, बेबी तबस्सुम या नावानं. 'दीदार' (१९५१) मध्ये नर्गिसचं आणि 'बैजू बावरा' (१९५२) मध्ये मीनाकुमारीचं लहानपण त्यांनी केलं. त्यामुळे समोर बसलेला पाहुणा कितीही मोठा असो, बोलण्यात घरचा सूर असायचा. मोकळं हसू, मधूनच शेर, मधूनच विनोद. मराठीत याहून गंभीर बाजाचं काही हवं असेल तर मुंबई दूरदर्शनचाच 'प्रतिभा आणि प्रतिमा' आठवा. तिथे सूर साहित्य-कलेचा, आणि त्याची गंमत वेगळ्या जागी सापडते: लांबलेले प्रश्न, विचारात पडलेले चेहरे.

यांतलं जे मिळेल ते दोनदा बघा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि तेव्हा वहीत लिहा. कोण कधी कुणाकडे बघतं? पाहुणा उत्तराआधी कुठे बघतो? प्रश्न विचारणारी व्यक्ती उत्तर ऐकताना काय करते, मान किती वेळा डोलावते? कॅमेरा जवळ कधी जातो? नंतर आवाज लावून सवयी टिपा. जुन्या मुलाखतींच्या काही सवयी सगळीकडे सापडतात. प्रश्न उत्तरापेक्षा मोठा असतो. प्रश्नातच उत्तर असतं. "आपण इतके मोठे असूनही किती साधे" हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. पहिल्या संधीची आठवण विचारली जाते, फर्माईश होते, आणि शेवटी "आमच्या प्रेक्षकांना काय संदेश द्याल?" ही यादी म्हणजे तुमचं खरं भांडवल. सिताऱ्याचा आवाज काढता आला नाही तरी ही यादी कामाला येते.

पाहुणा माणूस नको

पाहुण्याच्या जागी वस्तू बसवायची, ही युक्ती अमेरिकेत फार पूर्वीच झाली. राल्फ एडवर्ड्स यांचा 'दिस इज युअर लाइफ' हा कार्यक्रम रेडिओवर १९४८ ला सुरू झाला आणि एनबीसी टीव्हीवर १९५२ ते १९६१ चालला. पाहुण्याला अचानक गाठायचं आणि त्याच्या आयुष्यातली माणसं एकेक करून समोर आणायची, असा त्याचा ढाचा. आधी पडद्यामागून ओळखीचा आवाज यायचा, पाहुणा चमकायचा, मग ती व्यक्ती आत यायची. पुढे 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमानं त्याचं बाहुली-विडंबन केलं. बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या हातातला गाय स्मायली हा उत्साही, घसा ताणून बोलणारा सूत्रसंचालक तसाच अचानक उगवायचा, आणि पाहुणा कोण? पावाची लादी. ओकचं झाड. कार्यक्रमाची सगळी भावुकता तशीच्या तशी, फक्त ती एका पावावर ओतलेली. कुणाची खिल्ली नाही, कुणी दुखावलं नाही, आणि मूळ कार्यक्रमाचा आव मात्र पुरता उघडा पडला.

बाहुल्यांनी खऱ्या माणसांच्या हुबेहूब मुद्रा करून टोचण्याची परंपराही मोठी आहे. ब्रिटनमधलं 'स्पिटिंग इमेज' १९८४ पासून तेच करत होतं, आपल्याकडे एनडीटीव्ही इंडियावरच्या 'गुस्ताखी माफ'नं राजकारण्यांना तसंच घेतलं. पण त्याला शिल्पकार लागतो, लेटेक्स लागतं, पक्का नकलाकार लागतो आणि वकीलही. मंडळाच्या कार्यक्रमाला वस्तूच बरी.

वस्तू निवडताना तीन गोष्टी बघा. तिनं एक काळ गाजवलेला असावा, म्हणजे 'गतवैभव' आपोआप येतं. तिला एक हालचाल असावी. आणि प्रेक्षकांतल्या निम्म्यांनी तरी ती हाताळलेली असावी. प्रेशर कुकर, एसटीची लाल गाडी, काळा डायलचा फोन, टेपरेकॉर्डर, सगळं चालेल. या लेखापुरता मी घेतो गच्चीवरचा अँटेना. नाव: अँटेनाराव गच्चीकर.

अँटेना का, तर तो वळतो. म्हणजे तो ज्याचं ऐकतो त्याच्याकडे अक्षरशः तोंड करतो, आणि आपल्याला ऐकणारी बाहुलीच हवी आहे. शिवाय त्याला खानदान आहे: काड्याकाड्यांचा हा अँटेना जपानच्या यागी आणि उडा यांनी १९२६ मध्ये मांडला. त्याला निष्ठा आहे: मुंबईत त्याचं तोंड कायम वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे, पुण्यात सिंहगडाकडे. आणि त्याला उतरती कळाही आहे, कारण १९९० नंतर केबलवाला आला. चरित्रपटाला लागतं ते सगळं एका ॲल्युमिनियमच्या दांडीत.

सूत्रसंचालिका मात्र तबस्सुम यांची प्रतिकृती करू नका. केसात फूल, मोठं हसू, बोलता बोलता चारोळी, एवढ्या खुणा पुरतात. बाकी ती तुमची स्वतःची असू द्या. माझ्याकडे तिचं नाव गुलाबमावशी. अर्धवटराव आठवा. यशवंत पाध्ये यांच्याकडून रामदास पाध्ये यांच्याकडे आलेला हा बाहुला कुणाची नक्कल नाही, तो अर्धवटरावच आहे, म्हणून पिढ्या उलटल्या तरी तो चालतो. आणि शब्दभ्रम, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणं, हीसुद्धा मुळात मुलाखतच असते: बाहुला बोलतो आणि शेजारी बसलेला माणूस ऐकतो. पाध्ये ऐकताना काय करतात, त्यावर नजर ठेवून एखादा प्रयोग बघा. फुकटची शिकवणी आहे.

संहिता: आठ मिनिटं, त्याहून जास्त नाही

एका मिनिटाला साधारण एक पान धरा, कारण बाहुल्यांना थांबायला वेळ लागतो. कच्चा आराखडा असा: स्वागत आणि चारोळी, स्तुती, पूर्वायुष्य, पहिली संधी, अवचित पाहुणा, फर्माईश, संदेश, फुलं. हा क्रम मोडू नका. प्रेक्षकाला पुढचा टप्पा ठाऊक असला की तो टप्पा कसा वाकडा गेला हे त्याला दिसतं.

माझ्या संहितेतला तुकडा देतो.

मावशी: (कॅमेऱ्याकडे)
उन्हात उभा, पावसात उभा, तक्रार कधी ना ओठी,
काठीवरती चढून ज्यानं केली माणसं मोठी!
नमस्कार मंडळी! अँटेनाराव, आपण इतके उंच, इतके नामवंत, इतके… इतके ॲल्युमिनियमचे, आणि तरीही स्वभावानं किती साधे आहात, हो ना?

अँटेनाराव: हो.

मावशी: वा! किती छान सांगितलंत! (थांबते. हसते. अजून थांबते.) मूळचे आपण कुठले?

अँटेनाराव: जपानचे. यागी-उडा घराणं.

मावशी: अय्या! मला वाटलं देवगडचे. आणि या क्षेत्रात कसे आलात?

अँटेनाराव: शिडीवरून.

(मावशी हळूच प्रेक्षकांकडे वळते. परत त्याच्याकडे.)

मावशी: आणि पहिला तो क्षण… तो पहिला दिवस… ती धडधड… ते वारं… तेव्हा आपल्या मनात नेमकं काय आलं?

अँटेनाराव: कावळा.

मावशी: मनात?

अँटेनाराव: डोक्यावर.

(पडद्यामागून एक आवाज: "आलं का?" अँटेनाराव ताठ होतात.)

(दुसरा आवाज, आणखी लांबून: "आलं… आलं… थांब, हलू नकोस… गेलं!")

अँटेनाराव: (हळू) बंड्या?

इथे बंड्या आत येतो. तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला बाहुला. त्याचं सगळं बालपण गच्चीवर काठी फिरवण्यात गेलं आणि एकही सिनेमा त्यानं धड पाहिला नाही, कारण चित्र यायचं तेव्हा तो वर असायचा. एवढी एक तक्रार त्याच्या तोंडी घातली की पन्नाशीतला प्रेक्षक तुमचा झाला.

अँटेनारावाची उत्तरं बहुतेक एका शब्दाची आहेत हे लक्षात घ्या. मावशीचे प्रश्न फुगत जातात, उत्तरं आखडत जातात. विनोद त्या तफावतीत आहे, म्हणून नटाला "जरा खुलवून बोल" असं सांगू नका.

नवीन पिढीची सोय एका वाक्यात करून टाका. दहा वर्षांच्या मुलीला अँटेना म्हणजे काय ते माहीत नसतं. मावशीनं सुरुवातीलाच म्हणावं, "बाळांनो, हे आमच्या काळचं वायफाय. फरक एवढाच की पासवर्ड नव्हता, बंड्या होता." पुढे समजावण्यात वेळ घालवू नका.

आणि एक मोठी गंमत राखून ठेवा: मुंग्या, म्हणजे चित्र गेलं की टीव्हीवर यायची ती खरखर. मुलाखतीच्या मध्यावर अँटेनाराव कावळ्याकडे बघायला वळतात आणि मावशीचा आवाज खरखरायला लागतो. ती थरथरते, शब्द तुटतात, "आपल्या… खर्रर्र… जीवनातला… खर्रर्र…". बंड्या उठून अँटेनारावांना एक चापट देतो, आवाज साफ. हे दोनदा करा, तिसऱ्यांदा नाही. पडदा पाडून, प्रक्षेपण अडलं की दूरदर्शनवर यायची ती 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी आणायची असेल तर ती याच जागी, एकदाच. ती पाटी इतक्या ठिकाणी वापरली गेली आहे की दुसऱ्यांदा आली तर शिळी लागते.

बाहुल्या करणं

मावशी तोंड उघडणारी हातबाहुली हवी. साहित्य: अर्धा इंच जाडीचा स्पंज (गादीवाल्याकडे ताव मिळतो), अंगाच्या रंगाचं फ्लीसचं कापड, जाड पुठ्ठा, चपला-सोफ्याला लावतात तो पिवळा चिकट गोंद, टेबल टेनिसचा एक चेंडू, लोकर. मुंबईत कापडाला मंगळदास मार्केट आणि बाकी किडूकमिडूक क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूला, पुण्यात रविवार पेठ आणि तुळशीबाग. फ्लीस नाहीच मिळालं तर हिवाळ्यातली स्वस्त चादर चालते. साधं सुती कापड घेऊ नका, ते ताणलं जात नाही आणि गालावर सुरकुत्या पडतात.

सुरुवात तोंडापासून करा. पुठ्ठ्याची लंबगोल चकती तुमच्या तळव्याएवढी कापा, मधोमध दुमडा. दुमडीवर आतून कापडी पट्टी चिकटवा, नाहीतर तिथेच पुठ्ठा फाटतो. वरच्या भागाला चार बोटांसाठी आणि खालच्याला अंगठ्यासाठी इलॅस्टिकच्या पट्ट्या लावा, घट्ट. हात आत घातल्यावर चकती बोटांबरोबर हलली पाहिजे, मागून नाही. इथे ढिलाई झाली तर पुढे कितीही सराव करा, ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

डोकं म्हणजे स्पंजचा घुमट. नारळाच्या करवंटीला कापडी टोपी शिवायची असती तर जशा पाकळ्या कापल्या असत्या, तशा चार पाकळ्या कापून कडांना गोंद लावा. गोंद दोन्ही कडांना लावून दहा मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. खिडक्या उघड्या ठेवून करा, वास डोक्यात जातो. मुलांच्या हातात हा गोंद देऊ नका. त्यांना मोज्याची बाहुली करू द्या, प्रेक्षक त्यावरही खूश असतात.

आता डोळे, आणि इथे घाई नको. चेंडू मधून कापला की दोन पांढरे डोळे मिळतात. ते नाकाच्या वरच्या टोकाशी जवळजवळ लावा. बुबुळं काळ्या चिकटपट्टीची, आणि ती बरोबर मध्यभागी लावू नका, दोन्ही किंचित नाकाच्या बाजूला सरकवा. मध्यभागी लावलेली बुबुळं शून्यात बघतात, आत सरकवली की बाहुली समोरच्याकडे रोखून बघते. आधी टाचणीनं अडकवा, चार पावलं मागे जा, मोबाइलवर फोटो काढा, सरकवा, परत बघा. ती ज्याच्याशी बोलणार आहे त्याच्या जागी उभे राहा, ती नक्की तुमच्याकडे बघते आहे असं वाटलं, की चिकटवा. मावशीला अर्ध्या पापण्या द्या, त्यांनी ती जरा भारावलेली दिसते. वरच्या पापणीला लांब केस नकोत, लांबून ते काजळाच्या डागासारखे दिसतात.

हातांना छत्रीच्या काड्या. मोडक्या छत्रीची एक काडी मनगटाच्या आत शिवून टाका, खालून दुसऱ्या हातानं चालवा. काडीला मागच्या पडद्याच्या रंगाचा मॅट रंग द्या.

अँटेनाराव सोपे आहेत. एक मीटरभर ॲल्युमिनियमचा पोकळ दांडा, त्याला आडव्या पाच काड्या: मागची सगळ्यात लांब, पुढच्या क्रमानं आखूड. भंगारवाल्याकडे खरा मिळाला तर त्याचा पुढचा तुकडा कापून घ्या. काड्यांच्या टोकांना रबरी टोप्या घाला, नाहीतर बंड्याचा डोळा जाईल. पुढच्या बाजूला दोन डोळे आणि खाली झुबकेदार मिशी. तोंड करूच नका. मिशी दोऱ्यानं हलली की पुरे. सगळा दांडा एका उभ्या काठीवर बसवा, काठी तुमच्या दोन्ही हातांत, आणि काठी फिरवली की राव वळतात. मागे लोंबणारी चपटी वायर विसरू नका, तीच त्यांची शेंडी.

दोऱ्यांच्या बाहुल्यांचा मोह होईल. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सादर करत आले आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जाऊन बघाच. पण सोफ्यावर बसून मान डोलावण्यासाठी दोऱ्या नकोत, त्यासाठी मनगट हवं.

तोंड, नजर आणि ऐकणं

सरावाचा नियम एकच ठेवा: अंगठा खाली जातो, बोटं जागेवर राहतात. नवखा माणूस उलटं करतो, बोटं वर उडवतो, आणि बाहुली प्रत्येक शब्दाला छताकडे बघते. दुसऱ्या हातानं बोटं धरून ठेवा आणि नुसता अंगठा चालवा.

मराठी बोलताना प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचं नाही. 'नमस्कार मंडळी'ला चारदाच: न, मस्, कार, मं, आणि 'डळी' त्याच झोकात मिटत जाऊ द्या.  'आ' आणि 'ओ'ला मोठं, 'ई'ला फट, आणि म, प, ब आले की मिटलेलंच. वाक्य संपलं की तोंड बंद. उघडं राहिलेलं तोंड प्रेक्षकाला लगेच दिसतं. आरशासमोर करा, मग मोबाइल लावा. आकाशवाणीच्या बातम्या लावून त्यावर ओठ जुळवणं हा उत्तम रियाज आहे, कारण त्या सावकाश आणि स्पष्ट असतात.

मनगट सैल सोडलं की बाहुली छताकडे बघू लागते, ते जरा पुढे वाकवलेलंच ठेवायला शिका. हात भरून येतो. आधी थोडा वेळ, मग वाढवत न्या, आणि तालमीत हात बदला.

आता ऐकणं. अँटेनाराव बोलत असताना मावशीनं काय करायचं? बहुतेक वेळ काहीच नाही. स्थिर बाहुली मेलेली दिसते ही भीती खरी आहे, पण उपाय सारखं हलत राहणं हा नाही. श्वास द्या: कोपरातून अगदी बारीक वर-खाली, दिसेल न दिसेल इतकं. त्यावर तीन हालचालींची शिदोरी ठेवा. एक, उत्तर संपल्यावर उशिरा आलेली मान. दोन, जबडा हळूहळू पडणं. तीन, प्रेक्षकांकडे वळणारी नजर, आणि ही सगळ्यात महाग, पूर्ण कार्यक्रमात तीन-चारदाच. वरच्या तुकड्यात 'शिडीवरून' या उत्तराला हशा फारसा येत नाही. तो येतो मावशी त्यानंतर प्रेक्षकांकडे वळते तेव्हा. वळायला ती जितका वेळ घेईल तितका मोठा. तालमीत मनात 'एक गणपती, दोन गणपती' मोजा आणि मग वळवा.

अँटेनारावांचं ऐकणं याच्या उलट. त्यांना चेहरा नाही, फक्त दिशा आहे. मावशी बोलताना ते तिच्याकडे नेमके रोखलेले हवेत. ती आवडतं बोलली की एक अंश जवळ, केबलचं नाव काढलं की झटकन उलटे. काठी धरणाऱ्यानं संहिता पाठ केली नाही तरी चालेल, पण मावशीचा प्रत्येक शब्द त्यानं ऐकला पाहिजे. गटातला सगळ्यात शांत माणूस या काठीवर ठेवा. बडबड्या माणसाला बंड्या द्या.

मंच, दिवे, आवाज

सोफा खरा आणू नका. सोफ्याची पुढची बाजू जाड पुठ्ठ्यावर रंगवा, तीच तुमची आड. बाहुलीकार स्टुलावर बसणार असतील तर आडेची उंची साधारण चार फूट, उभे राहणार असतील तर सगळ्यात उंच माणसाच्या डोक्याइतकी. बुटक्या माणसाला पाट द्या. मागे तपकिरी पडदा, काचेच्या टेबलाऐवजी चंदेरी कागद, प्लास्टिकची फुलं (जितकी खोटी तितकी बरी), आणि क्रोशाच्या रुमालाखाली फोन. फोन वाजवू नका, नुसता असू द्या.

प्रेक्षक चाळीसएकांहून जास्त असतील तर दोन फुटी बाहुली मागच्यांना दिसत नाही. मोठं सभागृह असेल तर समोर मोबाइल तिवईवर लावून चित्र पडद्यावर टाका. चौकट चौरसाजवळची ठेवा, चारास तीन. पहिली दोन मिनिटं काळीपांढरी आणि बंड्या आला की रंगीत, असं केलंत तर मोठ्यांना १९८२ आठवतं, त्या साली दूरदर्शन रंगीत झालं. बाहुलीकारांना आत छोटा पडदा द्या, म्हणजे प्रेक्षकाला जे दिसतं तेच त्यांना दिसेल. टीव्हीवरचे बाहुलीकार असंच काम करतात. सुरुवातीला डावं-उजवं उलटं वाटतं, एका तालमीत सवय होते.

उजेड समोरून दोन बाजूंनी, बाहुल्यांच्या उंचीवर. छतावरचा एकटा दिवा मावशीच्या डोळ्यांखाली खड्डे पाडतो.

आवाज थेट घ्या, टेपवर नको. हशा किती लांबेल ते आधी कळत नाही आणि टेप कुणासाठी थांबत नाही. कपाळाच्या पट्टीला लावलेला छोटा माईक बरा, गळ्यातला माईक हात वर केला की घासतो. खरखर मात्र आधी रेकॉर्ड करून ठेवा आणि बटण तिसऱ्या माणसाकडे द्या, ज्याच्या हातात बाहुली नाही.

परवानगीचं काय?

घरच्या मंडळात कुणी विचारत नाही, पण व्हिडिओ चढवणार असाल तर ध्यानात ठेवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम ५२ टीका-समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं, पण 'विडंबन' असा वेगळा अपवाद तिथे लिहिलेला नाही. म्हणून मूळ कार्यक्रमाची चित्रफीत आणि शीर्षकसंगीत वापरू नका, पेटी आणि तबल्यावर स्वतःची धून करा. खऱ्या कलाकाराचा आवाज एआयनं बनवणं तर नकोच: २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयानं याच मुद्द्यावर आदेश दिला आहे. अँटेनाराव कोर्टात जात नाहीत, हा त्यांचा आणखी एक गुण.

प्रयोगानंतर

स्पंज आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत पिवळा पडतो आणि भुगा होतो, त्याला इलाज नाही. म्हणून कापताना केलेले सगळे कागदी साचे एका पाकिटात ठेवा, वर बाहुलीचं नाव लिहा. मावशीला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, तोंडात वर्तमानपत्राचा बोळा घालून, म्हणजे जबडा चपटा होणार नाही. छत्रीच्या काड्या काढून वेगळ्या बांधा. अँटेनाराव कुठेही राहतात, फक्त रबरी टोप्या मोजून ठेवा, कारण त्या पहिल्याच प्रयोगानंतर हरवतात.